मनगटावरचा मास्तर

डिसेंबर अर्धा सरला की सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घेऊन मी अंगणात पाट टाकून बसते. किसण्याचं काम मी कुणाच्या हाती देत नाही. मिक्सरमधून काढलेलं खोबरं भाजताना करपतं आणि करंजीत गेल्यावर भुश्शासारखं लागतं, असं माझं ठाम मत आहे आणि या वयात मी ते बदलणार नाही. शिरूरला या दिवसांत ऊन कोवळं असतं, वारा मात्र घोड नदीकडून येतो आणि नेमका पाठीत शिरतो. लांब रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या गाणी वाजवत जात असतात. खसखस भाजल्याचा वास, गल्लीत कुणीतरी पाणी तापवायला पेटवलेल्या चुलीचा धूर आणि गच्चीवर आमच्या ह्यांची चाललेली खुडबुड. नाताळची चांदणी दर वर्षी नव्यानं टांगावी लागते आणि दर वर्षी तिची वायर हरवलेली असते.

आमच्याकडे नाताळला करंजी लागतेच. केक हवा तर पोरांनी आणावा, मी नाही म्हणत नाही. पण करंजी नसेल तर मला नाताळ आल्यासारखा वाटत नाही. दिवाळीत शेजारच्या घरांतून फराळाची ताटं आमच्याकडे येतात, नाताळात आमच्याकडून जातात. ताट रिकामं परत पाठवायचं नाही, एवढा एक नियम सगळी गल्ली पाळते.

यंदा माझ्या किसण्यात एक चोर शिरलाय. माझी नात कृपा, चार वर्षांची, सणसवाडीहून सुट्टीला आली आहे. ती खोबऱ्याच्या ढिगात मूठ घालते आणि पळते. आतून तिच्या आईचा, म्हणजे माझ्या प्रेरणाचा, आवाज येतो, "कृपा, खोकला होईल हं!" खोबऱ्याचा आणि खोकल्याचा काय संबंध ते मला अजून कळलेलं नाही, पण मीही प्रेरणाला लहानपणी हेच सांगत असे. पोरगी अंगानं गुबगुबीत आहे. धरली की दंडाला वळ्या पडतात. त्या वळ्यांना हात लागला की मला हमखास तिचा पहिला नाताळ आठवतो, आणि खोबरं किसता किसता माझा हात थांबतो.

तेव्हा ती कृपा नव्हती. बाप्तिस्मा व्हायचा होता, म्हणून सगळे तिला नुसतं बाळी म्हणायचे.

प्रेरणा पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. घराला त्या दिवसांत एक वेगळाच वास होता. ओवा, बाळंतशेपा, कोमट खोबरेल तेल, शेगडीतल्या निखाऱ्यावर टाकलेल्या वावडिंगाची धुरी, आणि दोरीवर वाळणाऱ्या लंगोटांचा ओलसर वास. त्यात मध्येच साजूक तुपात डिंक फुलल्याचा वास उठायचा. मधल्या खोलीत छताच्या कडीला माझ्या आईच्या जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली होती. झोळीला एक लांब दोरी होती आणि घरातलं जो कोणी जाईल-येईल तो ती दोरी ओढून जाई. ह्यांनी तर ती पायाच्या अंगठ्याला बांधून पेपर वाचायची युक्ती काढली होती.

बाळ-बाळंतिणीला आंघोळ घालायला दौंडहून माझी मोठी नणंद आली होती. शांतावन्सं. त्यांचे यजमान रेल्वेत होते, सारा जन्म दौंडच्या रेल्वे क्वार्टरात गेला. यजमान गेल्यावर त्या एकट्या राहतात, पण आमच्या नात्यात कुठंही बाळंतपण निघालं की वन्संची पिशवी भरलेलीच असते. हात असे की तेल लावायला घेतलं की बाळी रडता रडता मध्येच विसरून जायची. बोलणं मात्र तिखट. "सुमन, पानी कडकडीत पायजे, कोमट पान्यानं भांडी घासत्यात," असं त्या पहिल्याच दिवशी मला सुनावून मोकळ्या झाल्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला जन्मभर शिकवलं, घरात माझाच शब्द चालायचा. वन्सं आल्या की मी गुपचूप पाणी तापवायला लागायची.

सव्वा महिना झाल्यावर पहिल्या रविवारी आम्ही प्रेरणाला चर्चला घेऊन गेलो. बाळीला नवं झबलं, नवं टोपडं. प्रेरणानं लग्नानंतरच्या पहिल्या नाताळची साडी काढली होती. ब्लाउजची शिवण मी आदल्या दिवशी दोन्ही बाजूंनी उसवून सैल केली होती, तरी तो काखेत काचत होता. उपासना संपल्यावर अंगणात सगळ्यांचे सलाम, म्हणजे आमच्यातले नमस्कार, घेत, बाळीला या हातातून त्या हातात देत आम्ही उभ्या होतो. तेवढ्यात मंडळीतल्या एक मावशी प्रेरणाच्या पोटाकडं बघून म्हणाल्या, "आगं, बाळ तर भाएर आलं, मग आत आजून कोन ऱ्हायलंय?" बाया हसल्या. प्रेरणाही हसली. मावशींच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी आजही मान्य करीन. पण मला त्या वेळी त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला होता.

घरी आल्यावर प्रेरणा कपडे बदलायला खोलीत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. बाळी भुकेनं रडायला लागली तेव्हा मी दार ढकललं. ती कपाटाच्या आरशासमोर उभी होती. परकर सैल बांधलेला, केस मोकळे. मला म्हणाली, "आई, ही मी नाहीच वाटत गं मला." मी जे आया म्हणतात तेच म्हणाले, की सगळ्यांचंच होतं, जाईल हळूहळू. बोलता बोलताच मला कळत होतं की हे तिच्या काही कामाचं नाही.

दोन-चार दिवसांनी जावई आले. अमोलराव सणसवाडीला कंपनीत आहेत, प्रेरणाही तिथंच दुसऱ्या कंपनीच्या ऑफिसात. त्यांनी खिशातून एक छोटा डबा काढून तिला दिला. आत काळा पट्टा. तिनंच मागवला होता. मनगटाला बांधायचा, मग तो घड्याळासारखी वेळ दाखवतो, किती चाललात ते मोजतो, किती कॅलरी जाळल्या ते सांगतो. खाल्लेलं आपण मोबाइलमध्ये भरायचं, की तो वजाबाकी करून दाखवतो. तिच्या ऑफिसात सगळ्यांकडे होता म्हणे, आणि कोण किती चाललं ते रोज ग्रुपवर सगळ्यांना दिसायचं. "सुट्टी संपून मी तिथं जाईन ना आई, तेव्हा मला अशी नाही जायचं," प्रेरणा म्हणाली. पट्टा बांधताना तिचा चेहरा जरा उजळला होता, म्हणून मीही बरं म्हटलं. पोरीला काहीतरी धरायला मिळालं, असं मला वाटलं.

मग घरात मोजमापाचं राज्य सुरू झालं. भाकरीचा चतकोर, भाजीची अर्धी वाटी. मोबाइलला इडली ठाऊक होती, पिझ्झा ठाऊक होता, अळिवाची खीर मात्र त्यानं कधी ऐकलीच नव्हती. डिंकाच्या लाडवाच्या जागी प्रेरणानं कसलासा मिठाईचा पदार्थ निवडला तर आकडा एकदम लाल झाला. वन्सं तिच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या.

"लाल झालं म्हंजी काय गं? रागावलं व्हय?"

"जास्त झालं म्हणतंय, आत्या."

"त्येला काय ठावं? त्यो व्यालाय का कवा?"

त्या दिवसापासून वन्संनी पट्ट्याचं नाव मास्तर ठेवलं. मास्तर काय म्हन्तोय, मास्तर जेवू देतोय का आज, असं त्या येता-जाता विचारायच्या. मला हसू यायचं आणि थोडं लागायचंही. जन्मभर मास्तरकी मीच केली होती ना.

आमच्या घरी जेवणाआधी हे प्रार्थना करतात. ह्यांची प्रार्थना ऐसपैस असते. आजारी माणसं, शेजारी, पाऊसपाणी, सरकार, सगळ्यांना त्यात जागा असते. सगळे डोळे मिटून बसलेले, भाजीवरची वाफ जिरत चाललेली. एकदा मी सहज डोळा किलकिला केला तर प्रेरणा मांडीवर मोबाइल धरून ताटातला हिशेब भरत होती. ह्यांचं आमेन व्हायच्या आत तिनं अर्धी भाकरी उचलून परत टोपलीत टाकली. त्या दिवसापासून प्रार्थनेच्या वेळी माझा एक डोळा उघडाच राहायला लागला, आणि देवानं ते समजून घेतलं असेल अशी मला आशा आहे.

खरी खटकायची ती दुसरीच गोष्ट. प्रेरणा पाजायला बसायची. खिडकीखाली भिंतीला टेकून, मांडीवर उशी, उशीवर बाळी. हळूहळू बाळीचा श्वास लयीत यायचा, गिळल्याचा बारीक आवाज यायचा, पायाची बोटं उघडमीट व्हायची. घरातल्या घरात इतकं शांत दृश्य दुसरं नव्हतं. आणि तेवढ्यात प्रेरणाच्या मनगटावरचा पट्टा गुरगुरायचा. बराच वेळ बसून आहात, उठा, चला. ज्या हातानं बाळीचं डोकं सावरलेलं त्याच हातात तो पट्टा. बाळी दचकायची, तोंड सोडायची आणि टाहो फोडायची. प्रेरणाही ओशाळल्यासारखी व्हायची, जणू तिला खरंच कुणी रिकामं बसलेलं पकडलंय. एकदा तर ती बाळीला खांद्यावर टाकून तशीच खोलीभर चालायला लागली.

वन्सं शेगडी फुंकत होत्या. त्यांनी फुंकणी खाली ठेवली. "त्या मास्तराला सांग म्हनावं, पोर पाजतीया. बसलीया व्हय ती रिकामी?"

माझ्या वर्गात काही मुलं अगदी गप्प बसायची. नवीन असताना मला वाटायचं, हे काहीच करत नाही. मग एके दिवशी त्यातलंच एखादं अख्खी कविता घडाघडा म्हणायचं. आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही, एवढं मला शाळेनं शिकवलं होतं. पण हे मी प्रेरणाला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, आई, भाषण नको. म्हणून मी ते मनातच ठेवलं आणि रागाच्या भरात पीठ जरा जास्तच तिंबलं.

आणि मग बाळाच्या डॉक्टरांकडे जायचा दिवस आला. बाळीला वजनकाट्यावर ठेवलं. डॉक्टरांनी मागच्या वेळचा आकडा बघितला, परत काट्याकडं बघितलं. वजन होतं तिथंच होतं. तसूभरही पुढं सरकलेलं नव्हतं. डॉक्टर काही ओरडले नाहीत. त्यांनी प्रेरणाला विचारलं, "तुम्ही नीट जेवता ना?" ती हो म्हणाली. "नाताळ झाला की परत घेऊन या. तोपर्यंत वाढलं नाही, तर वरचं दूध सुरू करावं लागेल."

रिक्षात तिनं बाळीला इतकं घट्ट धरलं होतं की बाळी कुरकुरत होती. बाळीला अंगावर पाजायचं, हा तिचा पहिल्या दिवसापासूनचा हट्ट होता. पहिल्या आठवड्यात दूध उतरायला किती त्रास झाला होता, डोळ्यांत पाणी येईतो दुखत असताना तिनं कसं रेटलं होतं, ते मी बघितलेलं. वरचं दूध पिऊन पोरं वाढतात की. तिचा भाऊ तसाच वाढला. पण तिला ते आपलं हरणं वाटत होतं. घरी पोचल्यावर ती म्हणाली, "माझ्यातच कमी आहे काहीतरी." मी म्हणाले, "तुझ्या ताटात कमी आहे." झालं. ती भडकली. "तुला काय, मी अशीच राहिले तरी चालेल! तू मला खाऊ घालूनच जाड करणार!"

मला ते लागलं. मुलगी बाळंतपणाला येणार म्हणून उन्हाळ्यापासून डिंक निवडून ठेवणारी बाई मी. त्या दुपारपासून मी तिच्याशी बोलले नाही, आणि तिनंही मला हाक मारली नाही. बाळी तेवढी दोघींच्या मध्ये झोळीत झुलत होती, कारण दोरी ओढायला आम्ही दोघी आलटून-पालटून येत होतो.

त्यानंतर काय झालं ते आम्हाला कुणालाच कळेना. नाताळ जवळ आला होता. मी रवा भाजत होते, ह्यांची चांदणी अर्धी टांगून झाली होती. प्रेरणा आंघोळीला जायची तेव्हा पट्टा काढून ठेवायची, कारण वन्संचं तेल त्याला लागलं तर तो बिघडेल. मालिश, कढत पाण्याची आंघोळ, मग आतल्या खोलीत धुरी आणि शेक, त्यानंतर पडून राहायचं. हा कार्यक्रम चांगला लांबायचा. धुरी-शेक लावून दिला की वन्सं बाळीकडं यायच्या. आणि प्रेरणानं उठून मोबाइल बघितला की आकडा हिरवागार. भरपूर कॅलरी जळलेल्या, एवढ्या की अजून खायला जागा आहे म्हणून मोबाइलच सांगायचा.

"आत्या, तुमच्या मालिशनं जळतात वाटतं!" प्रेरणा ओरडली. पट्टा हातात नसला तरी तो अंदाजानं मोजत असेल, असं तिनं धरलं होतं.

"जळत्याल की. तुपागत अंग झालंय तुझं, इतळणारच," वन्सं म्हणाल्या.

त्या दिवशी ती पूर्ण भाकरी जेवली. दुसऱ्या दिवशी भाकरी, मेथीची भाजी, वर वाटीभर खीर. मग एके दिवशी सारण ढवळताना तिनं चमचाभर तोंडात टाकलं, परत एक टाकलं, आणि मला म्हणाली, "वेलदोडा कमी आहे." आमचा अबोला तिथं संपला. मी वेलदोडा कुटायला घेतला आणि मला इतकं बरं वाटलं की मी तो गरजेपेक्षा जास्तच कुटला. दुपारी तिच्या ब्लाउजला ओल आलेली दिसायची. बाळी पिऊन झाल्यावर तोंडाच्या कोपऱ्यातून दूध गाळत झोपायची आणि झोपेत हसायची. मी करंज्यांना मुरड घालत, दारातून ते बघत बसायची. कशामुळे हे विचारायला गेलं तर मोडेल, अशी मला भीती वाटत होती.

नाताळच्या आदल्या दिवशी ते उघड झालं. डोळ्यांत धूर जातो म्हणून प्रेरणा धुरी-शेक अर्धाच टाकून बाहेर आली. डोक्याला पंचा गुंडाळलेला. मधल्या खोलीच्या दारात ती थबकली. तिच्या मागून मी दूध घेऊन येत होते, मीही थबकले. बाळी झोळीत गाढ झोपली होती. वन्सं खाली मांडी घालून बसल्या होत्या आणि तोंडानं काहीतरी गुणगुणत दोरी ओढत होत्या. झोळीच्या दोरीला, अगदी मुळाशी, पायजम्याच्या नाडीनं तो काळा पट्टा बांधलेला होता. झोळी इकडून तिकडं गेली की पट्टाही जायचा. शेजारी फळीवर प्रेरणाचा मोबाइल होता, त्यावर अभिनंदनाची फुलं उधळत होती.

"आत्या! हे काय?"

वन्सं दचकल्याही नाहीत. "हळू बोल. निजलीया आत्ताच."

"पट्टा का बांधलाय इथं?"

"मग? आगं, घड्याळ हाय न्हवं त्ये? काढून ठिवलं का बंद पडतंय. तुझ्या आतोबांना रेल्वेतल्या सायबानं घड्याळ दिल्यालं, हातात हाय तवर चालायचं. सुट्टीला काढून ठिवलं का थांबायचं. मग मीच हलवत बसायची, त्यांची ड्युटी चुकू नये म्हनून." वन्सं दोरी ओढतच होत्या. "त्ये गेल्यावर बी चार दिस हलवत व्हती मी. मग म्हनलं, आता कुनाची ड्युटी. तुझं लई जीवाभावाचं हाय ना ह्ये, रोज बघतीस, खूस व्हतीस. बंद पडलं आन् पोरीचं मन खट्टू झालं म्हंजी? म्हनून झोळीला बांधती. तिची बी झोप व्हती, त्येचं बी चालनं व्हतं."

प्रेरणा कॉटवर बसली. मला वाटलं, आता भांडण होणार. तिची नजर त्या हलणाऱ्या पट्ट्याबरोबर इकडून तिकडं गेली. मग म्हणाली, "म्हणजे मी चाललेच नाही."

"कशाला चालायचंय? ओली बाळंतीन तू," वन्सं म्हणाल्या.

"आणि तरी मी एवढं जेवले, आत्या. रोज. त्यानं सांगितलं म्हणून."

"जेवलीस तर काय चोरी केलीस व्हय? पोटातच गेलं न्हवं? तुझ्या न्हाई तर हिच्या."

प्रेरणाला हसू फुटलं आणि हसता हसता रडू आलं. दोन्ही एकदम. डोक्यावरचा पंचा सुटून खांद्यावर आला. वन्सं घाबरल्या, त्यांना वाटलं आपल्या हातून घड्याळ बिघडलं. "अगं, मोडलं का काय त्ये? मला न्हाई समजलं, बाय. अमोलरावांस्नी सांगू आपन, दुरुस्त करून आनत्याल." प्रेरणानं उठून त्यांच्या गळ्यात हात टाकले. मी दुधाचा पेला दोन्ही हातांनी धरून तशीच उभी. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि पुसायला हात रिकामा नव्हता.

थोड्या वेळानं तिनं पट्टा सोडला, पण मनगटाला बांधला नाही. फळीवर ठेवला. म्हणाली, "डॉक्टरांकडे जाऊन येईपर्यंत असू दे. काट्यावर काय येतं ते बघू." खाण्याच्या बाबतीत ती काही बोलली नाही. दुपारी ताटं वाढली, ह्यांची प्रार्थना सुरू झाली, आणि मी त्या दिवशी दोन्ही डोळे मिटले. कारण उघडून बघायची मला हिंमत होत नव्हती.

आता हे सगळं आठवताना मला त्या पट्ट्याचा रागही येत नाही. कृपा वर्षाची झाल्यावर, अंगावरचं दूध तुटल्यावर, प्रेरणानं तो परत बांधला. रोज सकाळी चालायला लागली. वजन उतरलं, सगळं नाही, पुष्कळसं. उरलेलं राहू दे म्हणाली, हे आता माझंच आहे. माझ्या लाडवांनाही डॉक्टरांनी नंतर नावं ठेवली. इतकं तूप कुणी सांगितलं, म्हणाले. म्हणजे मास्तरचं सगळंच चूक होतं आणि आमचं सगळंच बरोबर, असं काही नव्हतं. हल्ली शिरूरला आली की ती मलाही ओढून घोडच्या पुलापर्यंत नेते आणि मला धाप लागली की हसते. वन्सं आता थकल्यात, बाळंतपणं करत नाहीत. फोनवर अजून विचारतात, "त्ये घड्याळ चालतंय ना गं?"

पण त्या नाताळात यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सण झाला, ताटं गेली, ताटं आली, दारात गाणी म्हणायला पोरं येऊन करंज्या खाऊन गेली. प्रेरणा हसत होती, सगळ्यांना सलाम करत होती, आणि अधूनमधून बाळीचा दंड दोन बोटांत धरून बघत होती. मला दिसायचं. ती बघून झाली की मीही काहीतरी निमित्त काढून बघायची. भरलाय का? की मला तसं वाटतंय? आजीच्या डोळ्यांवर कितपत भरवसा ठेवायचा?

दवाखान्यात त्या सकाळी गर्दी होती. बाहेर बाकावर आम्ही दोघी बसलो होतो, मध्ये बाळी. प्रेरणा मला एकदम म्हणाली, "आई, नसेल वाढलं तर वरचं दूध देईन मी. रडणार नाही." मी तिचा हात धरला. मला तिचा तेव्हा अभिमान वाटला, आणि तिच्यासाठी वाईटही वाटलं. मग आमचा नंबर आला.

बाळीचे कपडे काढले. काट्याच्या गार पाळण्यात ठेवल्याबरोबर तिनं जे भोकाड पसरलं ते बाहेरच्या बाकापर्यंत गेलं असणार. आकडा हलत राहिला, कारण ती पाय झाडत होती. डॉक्टरांनी तिच्या पोटावर हात ठेवला, ती क्षणभर थांबली, आकडाही थांबला. डॉक्टर वाकले. मग त्यांनी चष्मा वर केला आणि परत वाकले. "अरे वा," ते म्हणाले. "बाईसाहेब तर चांगल्याच भरल्यात की. वरच्या दुधाची काही गरज नाही."

प्रेरणानं बाळीला उचललं, उघडीच, आणि छातीशी धरली. मी बाळीचं झबलं-टोपडं गोळा केलं. डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, "मोठा काटा तिकडं आहे. आलाच आहात तर तुमचंही वजन बघून घेऊ या."

प्रेरणानं त्या काट्याकडं बघितलं. बाळी तिच्या कुशीत नाक खुपसून शोधायला लागली होती.

"माझं राहू द्या, डॉक्टर," ती म्हणाली. "आधी हिला पाजते, मग घरी जाऊन जेवते. सकाळपासून पोटात काही नाही, कडकडून भूक लागलीय मला."